थोरलीचं माप

(सकाळ. घरामागच्या अंगणातलं छोटं तळं. उपसून उपसून गुडघाभर पाणी उरलेलं. टेलर मास्तर आणि त्यांची टेम्पो चालवणारी लेक पाण्यात उभे. सार्वजनिक बागेच्या मोठ्या तळ्याची देखभाल करणाऱ्या बाई काठावर. चार मासे टेम्पोतल्या टबात चढलेत. एक राहिलाय.)

लेक : जात नाही, बाबा.

मास्तर : जाईल. आधी तोंड, मग कल्ले, मग पोट. घट्ट कपड्याची बाही चढवतात तसं, हलक्या हातानं.

लेक : बाही चढवताना माणूस निदान हात तरी सरळ धरतो. ही शेपटीनं माझ्या पोटऱ्या फोडतेय. कल्ल्यांपर्यंत येते आणि अडते.

बाई : थांबा. ओढू नका. मागे घ्या तिला.

मास्तर : बाई, अजून एकदा बघू. आधीच्या चौघी कशा सुळकन गेल्या!

बाई : चौघी बारीक होत्या. ही अकरा किलोची आहे. ओढलंत तर खवले निघतील. परत टोपलीत घ्या. टोपली पाण्यातच राहू दे. हां. वर कापड टाका म्हणजे घाबरायची नाही.

लेक : घेतलं. बाबा, ही तुमची बाही हिच्यापेक्षा लहान आहे. चांगली इंचभर तरी लहान आहे.

मास्तर : शक्यच नाही. पन्नास वर्षं कात्री चालवतोय. माणसांची पोटं चुकली असतील, माझं माप चुकलेलं नाही.

लेक : मग मासा चुकला का?

बाई : मास्तर, बाहीशिवाय दुसरा मार्ग नाहीये, एवढं लक्षात घ्या. एवढं धूड साध्या जाळ्यात उचललं तर स्वतःच्याच वजनानं कणा मोडतो. पाण्यासकट, आडवं, कापडाच्या नळीत घालूनच न्यावं लागतं. म्हणून तर तुम्हाला शिवायला सांगितली.

मास्तर : आणि मी शिवली. छत्रीचं कापड, दुहेरी शिवण, दोन्ही टोकांना नेफा घालून नाडी. थोरलीच्या मापाची शिवली म्हणजे बाकीच्या चौघींना होतेच. ए, तो कागद बघ खिशातला. घेर किती लिहिलायस?

लेक : एकोणीस.

मास्तर : एकोणीस? मी बावीस सांगितले होते.

लेक : हो. मग मी तीन वजा केले.

मास्तर : कुणी सांगितलं होतं तुला?

लेक : सांगायला कशाला हवं? तुमच्या टेपला पहिले तीन इंच नाहीत. तीनच्या आकड्यापासून सुरू होते ती. तुमच्या टेपनं मापलं की तीन कमी करायचे, हे मला अ आ इ ईच्या आधी शिकवलंय तुम्ही.

मास्तर : अगं, पण ते मी कमी करूनच सांगितले! टेपवर पंचवीस आले, म्हणून मी बावीस बोललो!

लेक : म्हणजे तुम्ही पण तीन कमी केले...

मास्तर : आणि तूही केलेस. आणि मी तुझा कागद बघून डोळे मिटून बेतलं. वर दोन इंच सैल धरले, तरी झाले एकवीसच.

बाई : एक मिनिट. टेपला पहिले तीन इंच नाहीतच?

मास्तर : हिनं कापले. तीन वर्षांची होती. मोठी कात्री उचलली आणि कचकन... दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली.

बाई : आणि तुम्ही नवी टेप घेतली नाहीत? इतक्या वर्षांत?

मास्तर : हात बसलेली टेप टाकून देतात का, बाई?

बाई : बाप हुशार, लेकही हुशार. दोघांपैकी एकानं जरा बावळट असायला काय हरकत होती?

लेक : हसू नका, बाई. आता करायचं काय? चादरीत गुंडाळून नेऊ?

बाई : निसटेल. काठाच्या फरशीवर आपटली तर संपलं.

लेक : मग तळं परत भरू आणि उद्या नेऊ.

बाई : कशानं भरणार? नळाच्या पाण्यात औषध असतं. दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय त्यात मासा जगत नाही. आणि ह्या गुडघाभर पाण्यात ऊन चढलं की ही दुपार काढायची नाही. परवा ती वर येऊन तोंड वासत होती, ते कशानं? पाच धुडांना ह्या सात फुटांत हवा पुरत नव्हती. मी उगाच घाई करत नाहीये.

लेक : बाबा? बाबा, बाहीकडे काय बघताय?

मास्तर : बाही दे इकडे. उलटी कर. आतली शिवण दाखव.

लेक : ही घ्या.

मास्तर : बघ. किती कापड आहे शिवणीच्या आत?

लेक : बरंच आहे की.

मास्तर : दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडलीय. नवीन शिवण कडेला घालायची, जुनी उसवायची. दीड आणि दीड किती?

लेक : तीन.

मास्तर : एकवीस आणि तीन?

लेक : चोवीस! बाबा!

मास्तर : शाळेच्या पोरांचे गणवेश शिवलेत मी आयुष्यभर. जूनमध्ये आलेलं पोरगं दिवाळीपर्यंत दुप्पट होतं. शिवणीत माया न सोडता कात्री लावायला हात धजतच नाही माझा.

लेक : आणि तळं मात्र बोटाएवढ्या माशांच्या मापाचं बेतलंत. त्याला नाही सोडलीत माया.

मास्तर : दुकानदार म्हणाला, तळं जेवढं तेवढेच वाढतात.

बाई : सगळे दुकानदार असंच म्हणतात. मासा वाढायचा थांबत नाही. कोंडला जातो, एवढंच.

मास्तर : कळलं, बाई. अकरा वर्षं उशिरा कळलं, पण कळलं. आता पाच मिनिटं द्या मला. मशीनवर जाऊन येतो.

लेक : ह्या ओल्या पँटनं मशीनवर बसणार?

मास्तर : घरात ओल्या पायांनी येऊ नका म्हणून ओरडणारा मीच ना? आज मीच जातो. बसल्या जागी डबकं झालं तरी चालेल. तिला एकटी सोडू नका.

बाई : नाही सोडत. पळा.

लेक : बघा, बाई, कसे पळतायत. गुडघे दुखतात म्हणून परवा गॅसचा सिलेंडर मी उचलला होता.

बाई : कापड सरकवा जरा. कल्ले दिसू देत. ठीक आहे. जरा भरभर चाललेत, पण ठीक आहे. तुम्ही हात तिच्या पोटाखाली ठेवा. नुसता ठेवा, दाबू नका.

लेक : किती जड लागतेय. बाई, एक विचारू? खरं सांगा. वाटेत मेली तर?

बाई : का मरेल?

लेक : गेल्या वर्षी मेली होती एक. सहा होत्या ह्या. पिवळी म्हणायचो तिला. एका हॉटेलवाल्यानं मागितली, त्याच्या अंगणात मोठा हौद होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून नेली. पिशवी बाबांच्या मांडीवर आणि गाडी माझ्या हातात. चौकात कुत्रं आडवं आलं आणि मी कचकन ब्रेक दाबला. पिशवी समोरच्या पत्र्यावर आदळली. तिथं पोहोचलो तेव्हा पिवळी आडवी पडलेली.

बाई : मास्तर काय म्हणाले?

लेक : काही नाही. तेच तर. एक शब्द बोलले नाहीत. आजतागायत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन मुलांची आई झालेय मी, रोज ह्या शहरात टेम्पो चालवते, गाद्या पोचवते, कपाटं पोचवते, काचा पोचवते. एक काच तडकली नाही आजवर. आणि बापाचा मासा मारला.

बाई : त्या दिवशी सकाळी तिला खायला घातलं होतं का?

लेक : घातलं असेल. बाबा रोज घालतात. का?

बाई : काही नाही.

लेक : काही नाही कसं? तुमचा चेहरा बदलला.

बाई : माझा चेहरा असाच आहे. ऐका, मशीन थांबलं.

मास्तर : झालं! बघा! सरका, सरका, मला उतरू द्या पाण्यात.

लेक : सावकाश! पडाल!

मास्तर : पडत नाही. धर, हे तोंड तू धर. बाई, तुम्ही मागून शेपटी सांभाळा. मी बाही चढवतो. ये गं थोरले. ये, माझे आई. नवीन शिवलीय तुझ्यासाठी. तोंड गेलं...

लेक : कल्ले आले. बाबा, कल्ले आले!

मास्तर : बोलू नकोस. पोट. पोट... पोट गेलं! गेलं की नाही?

बाई : गेलं. नाडी ओढा. दोन्ही बाजूंनी. आवळू नका, नुसती मिटवा.

लेक : बसली! अंगासरशी बसली, बाबा! पोशाख केल्यासारखी दिसतेय!

मास्तर : माझं माप चुकलं नव्हतं. आपलं गणित चुकलं होतं. नोंद करून ठेवा, बाई.

बाई : करते. आता तिघांनी मिळून उचलायचं. पाण्यासकट आहे, जड लागेल. मास्तर, तुमचे गुडघे?

मास्तर : कुणाचे गुडघे? उचला!

*

बाई : टबात नीट बसली. पाचहीजणी शांत आहेत. हवेचा पंप चालू आहे. मास्तर, तुम्ही पुढे बसा. मागे मी बसते.

मास्तर : मी मागेच बसतो ना. मला बघून त्यांना धीर येईल.

बाई : तुम्ही दर मिनिटाला झाकण उचलाल आणि एखादी उडी मारेल. पुढे बसा. सगळं ठीक असलं तर मी गप्प असेन. पत्र्यावर दोनदा वाजवलं तर गाडी थांबवायची.

लेक : हळूहळू थांबवायची.

बाई : हळूहळू. चला.

लेक : बसा, बाबा. पट्टा लावा. आणि मला काही शिकवू नका. गाडी चालवताना तुम्ही पायानं ब्रेक दाबता ना, तुमच्या बाजूला ब्रेक नसतानासुद्धा, ते आज करायचं नाही.

मास्तर : पाय वर घेऊन बसतो. झालं?

लेक : निघाले. बघा, पाणी हललं का? विचारा बाईंना.

मास्तर : गप्प आहेत. म्हणजे ठीक आहे. अगं, इथं डावीकडून जवळ पडतं.

लेक : डावीकडे सहा स्पीडब्रेकर आहेत आणि एक खड्डा, ज्यात तुम्ही आणि मी दोघं मावू. ह्या बाजूनं लांब आहे, पण दोनच स्पीडब्रेकर. काल तीन फेऱ्या मारल्या मी.

मास्तर : कसल्या फेऱ्या?

लेक : मागे टब काठोकाठ भरून ठेवला आणि इथून बागेपर्यंत गेले. पहिल्या फेरीत अर्धा टब रस्त्यावर. दुसऱ्यात बादलीभर सांडलं. तिसऱ्या फेरीत तांब्याभर.

मास्तर : मला बोलली नाहीस.

लेक : तुम्ही तरी मला कुठे सगळं बोलता? हा बघा पहिला स्पीडब्रेकर. श्वास धरा. एक चाक... दुसरं चाक... मागची दोन... झालं. आहे का आवाज?

मास्तर : नाही. वा! लोण्यातून सुरी गेल्यासारखी नेलीस गाडी.

लेक : अजून एक आहे. आणि तो चौक आहे.

मास्तर : चौक आहे खरा.

लेक : लाल आहे. बरं झालं, लांबूनच दिसला. बघा, ब्रेकला हातसुद्धा... म्हणजे पायसुद्धा न लावता, गाडी आपोआप थांबेल. थांबली. कुत्रं दिसतंय का कुठे?

मास्तर : नाही. पोरी, एक सांगायचंय.

लेक : आत्ता?

मास्तर : आत्ताच. हिरवा झाला, चल तू. चालवत राहा. तीन दिवसांपूर्वी बाई म्हणाल्या ना, न्यायच्या आधी तीन दिवस माशांना खायला घालू नका?

लेक : हो. तुमचा जीव वरखाली होत होता. "उपाशी कशा पाठवू" म्हणून.

मास्तर : मी विचारलं, का घालायचं नाही? त्या म्हणाल्या, पोट भरलेलं असलं की प्रवासात त्याच पाण्यात घाण करतात, आणि पिशवी बंद असली तर त्या पाण्याचं विष होतं. जड मासा तर अर्ध्या तासात जातो म्हणाल्या.

लेक : बरं.

मास्तर : पिवळीला त्या दिवशी मी खाऊ घातलं होतं. रोजच्या दुप्पट. प्रवासाला निघालीय, नव्या घरी लाजेल, खाईल न खाईल, म्हणून मुठीमुठीनं घातलं. चौकाच्या आधीच पिशवीतलं पाणी गढूळ झालेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, चिखल असेल.

लेक : चौकाच्या आधी?

मास्तर : चौकाच्या आधी ती कलायला लागली होती. मला वाटलं, गाडी वळतेय म्हणून असेल. तुझ्या ब्रेकनं काही झालं नाही. मी मारली तिला. लाडानं मारली.

लेक : आणि वर्षभर मी...

मास्तर : वर्षभर मलाही माहीत नव्हतं. ब्रेकनं गेली असंच वाटत होतं. म्हणून बोललो नाही. पोरीला काय बोलायचं, आधीच तोंड एवढंसं करून बसली होती. पण तीन दिवस झाले माहीत होऊन. तीन दिवस गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

लेक : बाबा, तुम्ही हे मला आत्ता सांगताय. गाडी चालू असताना. मागे पाच मासे असताना.

मास्तर : हो.

लेक : मला ओरडायचंय.

मास्तर : ठाऊक आहे. म्हणून तर आत्ता सांगितलं. आत्ता तुला ना ओरडता येईल, ना ब्रेक दाबता येईल.

लेक : किती बेरकी आहात हो तुम्ही!

मास्तर : शिंपी आहे. कुठं टाचणी लावायची ते कळतं.

लेक : काल त्या तीन फेऱ्या का मारल्या माहितीये? रात्री झोपच लागत नव्हती. डोळे मिटले की चौक. पिशवीचा तो आवाज. मी टेम्पोच विकायचा विचार करत होते. खरंच. नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं.

मास्तर : वेडी आहेस का तू? तुझ्यासारखी गाडी कुणी चालवत नाही. मी बघतोय ना. मी पाय वर घेऊन बसलोय आणि माझा पाय एकदाही खाली आला नाही. पन्नास वर्षांत कुणाच्या गाडीत असा बसलो नव्हतो.

लेक : डोळे पुसा माझे. डावा. मला हात सोडता येत नाही.

मास्तर : थांब, रुमाल... ओला आहे. सगळाच ओला आहे मी.

लेक : असू दे, ओल्यानंच पुसा. हां. आता श्वास धरा. दुसरा स्पीडब्रेकर आला. एक... दोन... मागचं... आणि मागचं. गेला!

मास्तर : गेला!

लेक : बाई! ओ बाई! ठीक आहे ना सगळं?

बाई : आवाज खाली! झोपल्यागत शांत आहेत, तुमच्या ओरड्यानं उठतील. आणि ऐका, एक थेंब सांडला नाहीये. सांडलेलं पाणी धरायची माझी पाटी कोरडी आहे. इतकी वर्षं मासे हलवतेय, माझी पाटी कधी कोरडी राहिली नव्हती.

मास्तर : ऐकलंस? एक थेंब नाही!

लेक : ऐकलं. काल तांब्याभर होतं. आज एक थेंब नाही! बाबा, मी हॉर्न वाजवू का?

मास्तर : वाजवू नकोस! ... एकदाच वाजव. छोटासा.

*

बाई : घाई नको. आपल्या टबातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी, दोन्हींचा गारवा सारखा व्हायला हवा. ह्या मगानं तळ्याचं पाणी घाला टबात. थोडं घालायचं, थांबायचं, परत घालायचं. अर्धा तास.

मास्तर : अर्धा तास?

बाई : तुम्ही अकरा वर्षं थांबलात.

लेक : केवढं मोठं आहे हो हे! पलीकडच्या काठावरची माणसं बाहुल्यांएवढी दिसतायत. आणि आत दुसरे मासे?

बाई : एकही नाही. तळं नवीन आहे, तळाला जाड कापड आहे, नदीनाल्याशी संबंध नाही. म्हणून तर ह्यांना थेट सोडता येतंय. तुमचे शेजारी नदीत सोडा म्हणत होते ना? नदीत ह्यांनी बाकीच्या माशांची अंडी फस्त केली असती. इथं कुणाच्या घरात घुसायचा प्रश्न नाही. इथं ह्याच पहिल्या.

मास्तर : ह्याच मालकिणी.

बाई : तसं म्हणा. जुळ्या तयार आहेत. आधी त्यांना सोडू. बाही पाण्यात उतरवा, नाडी सोडा आणि हात काढा. ढकलायचं नाही.

लेक : गेली पहिली! दुसरी पण! एकमेकींना धरूनच गेल्या.

मास्तर : टिकलीवालीला सोड आता. जा गं. हां. आणि मधली. बघ, बघ, मधली कशी तोऱ्यात गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. माझी खरी लेक.

लेक : बाबा!

बाई : थोरली राहिली. मास्तर, हिला तुम्ही सोडा.

मास्तर : उतरतो. कमरेएवढं आहे ना पाणी? धर माझा हात. अरे, गार आहे! थोरले, हे बघ, गार आहे पाणी. आवडेल तुला. नाडी सोडली. बाही काढतोय... काढली. जा.

लेक : जात नाहीये.

मास्तर : जा की. बाई, ही हलत नाही. कल्ले चालतायत, पण हलत नाही.

बाई : हात लावू नका. थांबा.

मास्तर : माझ्या पायाशीच थांबलीय. हिला वाटतंय मी खायला घालीन. आज नाही गं घालायचं. आज नाही. जा.

लेक : निघाली!

मास्तर : निघाली! अशी... अशी... अगं, वळली कशाला? परत आली.

लेक : परत गेली. आणि परत वळली. त्याच जागी. बाबा, तिथं काहीच नाहीये, मग ती वळते कशाला?

बाई : किती लांब होतं तुमचं तळं?

मास्तर : सात फूट.

बाई : मग मोजा. सात फुटांवर वळतेय. अकरा वर्षं तिथं भिंत होती.

लेक : अरे देवा.

मास्तर : भिंत नाहीये, बाळा. मीच बांधली होती ती. इथं नाहीये. जा तू. पुढे जा. नाही भिंत!

बाई : मास्तर, तिला तुमचं बोलणं कळत नाही.

मास्तर : कळू दे न कळू दे, मी सांगणार. थोरले! पुढे!

लेक : परत निघाली. पुढे, पुढे, पुढे! चल गं! जा!

बाई : सात...

मास्तर : आठ!

लेक : गेली पुढे! बाबा, गेली! वळली नाही!

मास्तर : नऊ, दहा, बारा, अरे, दिसत नाही, कुठे गेली? कुठाय?

लेक : ती बघा, ती, पाण्यावर रेघ उठलीय! मधल्या त्या झाडाच्या सावलीपर्यंत गेली! जुळ्यांना मागे टाकलं! मधलीला मागे टाकलं! बाबा, बाणासारखी चाललीय!

बाई : एवढ्या जोरात जाणारा हा मासा मीही पहिल्यांदाच बघतेय.

लेक : जिंकली! बाई, जिंकली आपली थोरली! बाबा, हात वर करा, टाळी द्या! बाबा? काय झालं? आता तर सगळं झालं ना नीट?

मास्तर : झालं गं. सोन्यासारखं झालं. मी नुसता बघतोय. घरी ती दिवसभर एका कोपऱ्यात पडून असायची, आठवतंय? येईल त्या पाहुण्याला मी कौतुकानं सांगायचो, आमची थोरली ना, स्वभावानं फार संथ आहे म्हणून.